चर्चिलचा वैरी म्हणून मोझली आपला मित्र?

‘चर्चिलने तुरुंगात डांबलेला देशभक्त’ हा ब्रिटनचा फॅसिस्ट पुढारी ऑस्वल्ड मोझलीवरचा मेसेज अखेर आमच्या मामांनीही घरच्या ग्रुपवर टाकला, खाली जोडलेले हात. म्हणणं असं: तो गरिबांचा कैवारी, ज्यूंशी त्याचं काही वाकडं नव्हतं, त्याला फक्त युद्ध नको होतं, आणि चर्चिलचा वैरी म्हणून तो भारताचा मित्र.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यानेच डोकं फिरलं. १९३५च्या कायद्याने आपल्या प्रांतांना जेमतेम स्वायत्तता मिळाली. तीही देऊ नये म्हणून चर्चिल पार्लमेंटात भांडला आणि मोझलीचा फॅसिस्ट पक्ष बाहेर बोंबलत होता. भारताच्या बाबतीत दोघे एकाच बाजूचे! त्याच सुमारास मोझली लँकेशायरच्या गिरणी कामगारांना आश्वासनं देत होता, की हिंदुस्थानात विलायती कापडावर लागणारी जकात आपण काढून टाकू. त्याचा फटका कुणाला बसला असता? मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांना. आणि मामांचं अख्खं बालपण लालबागच्या चाळीत गेलं.

ज्यूंबद्दल त्याचंच १९३८चं ‘टुमॉरो वुई लिव्ह’ उघडा. ब्रिटनमधले ज्यू काढून जगातल्या कुठल्याशा ओसाड भागात वसवायचे, हा बेत त्याने स्वतः छापलाय. दुसऱ्या कुणाच्या साक्षीची गरजच नाही. तरी हवीच असेल तर ४ ऑक्टोबर १९३६ला लंडनच्या ज्यू वस्तीतून तो आपल्या पक्षाच्या काळ्या शर्टवाल्यांचा मोर्चा न्यायला निघाला, लोकांनी केबल स्ट्रीट अडवून धरला. दोनच दिवसांनी साहेब बर्लिनमध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सच्या घरी बोहल्यावर, पाहुण्यांत हिटलर. ‘फक्त युद्ध नको होतं’ याचं उत्तरही यातच आलं.

विनाचौकशी डांबला, हे मात्र खरं. मे १९४०मध्ये कोर्टकचेरीविना आत टाकला, ते चुकीचंच. पण हाल? होलोवे तुरुंगाच्या आवारात नवराबायकोला वेगळं घर दिलं होतं, कामाला इतर कैदी. पायाच्या शिरेला सूज आली म्हणून नोव्हेंबर १९४३मध्ये सोडलं, तेही चर्चिलच्याच सरकारने. तेव्हा नेहरू नगरच्या किल्ल्यात होते, तेही विनाचौकशीच. आणि पुढच्या फेब्रुवारीत कस्तुरबा पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच गेल्या. त्यांच्यावर कुणी मेसेज फिरवला का?

गरिबांचा कैवारी, यातही थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. १९३०मध्ये मजूर सरकारात असताना त्याने बेकारीवर बरी योजना मांडली, ती फेटाळल्यावर मंत्रिपद सोडलं. पुढे मात्र त्याच्या पक्षाचा खर्च मुसोलिनीच्या पैशावर चालू लागला.

आणि मामा, तुमचा नातू लंडनला आहे ना? १९५९मध्ये हाच मोझली नॉर्थ केन्सिंग्टनमधून उभा राहिला, गोरे नसलेल्या स्थलांतरितांना परत धाडा म्हणत. अनामत जप्त झाली.