‘भोकाच्या डब्यातून ओता, छर्रे तयार’: त्या संदेशातल्या एकेका वाक्याचं उत्तर

ससा, तितर अशा लहान शिकारीसाठी घरच्या घरी छर्रे बनवायची एक ‘सोपी कृती’ सगळीकडे फिरते आहे. ती थोडक्यात अशी: गाडीच्या जुन्या बॅटरीतलं शिसं फुकट मिळतं, ते डब्यात वितळवा, तळाला भोकं पाडलेल्या दुसऱ्या डब्यातून थंड पाण्याच्या बादलीत ओता, गोल छर्रे मिळतील. शिसं उकळत नाही तोवर वाफ नाही, आणि वाफ नाही तर विष नाही. तरीही शंका वाटली तर वरून दूध प्या.

यातली एकच गोष्ट खरी आहे. शिसं ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि उकळतं १७४९ अंशांच्या आसपास. त्यामुळे ३५०–४०० अंशांवर काम करताना त्याची वाफ फारच कमी होते. त्या खऱ्या वाक्याच्या आधाराने बाकीची चुकीची वाक्यं खपवली जातात आणि त्यातली दोन जिवावर बेतणारी आहेत.

‘बॅटरीतलं शिसं फुकट मिळतं’

बॅटरीची पाटी म्हणजे शिशाचा तुकडा नव्हे. ती एक जाळी असते आणि जाळीत लगदा भरलेला असतो. वापरलेल्या बॅटरीत तो लगदा मुख्यतः शिशाची ऑक्साइडं आणि सल्फेट यांचा असतो. चुलीवरच्या भांड्यात त्याचं धातूत रूपांतर होत नाही. त्याला कोळशासारखा ऑक्सिजन काढून घेणारा पदार्थ आणि कारखान्याच्या भट्टीतलं कितीतरी जास्त तापमान लागतं. घरी हाती येतं ते जाळीचं थोडं शिसं आणि ढीगभर विषारी भुकटी, तीही आम्लात भिजलेली.

जाळीचं शिसंही साधं नसतं. अलीकडच्या बॅटऱ्यांत त्यात कॅल्शियम असतं, जुन्यांत अँटिमनी आणि थोडं आर्सेनिक. दोन्ही प्रकारच्या पाट्या एकाच भांड्यात वितळल्या की कॅल्शियम या दोघांशी संयोग पावून सायीत, म्हणजे वितळलेल्या शिशावर धरणाऱ्या मळीच्या थरात, येतं. त्या सायीला नंतर ओल लागली, अगदी दमट हवेची का होईना, तर आर्साइन आणि स्टिबाइन हे वायू सुटू शकतात. ते रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. साय काढून अंगणात टाकली आणि पाऊस पडला, एवढं त्याला पुरतं.

भुकटीचं म्हणाल तर सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर वस्तीत नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ लहान मुलं दगावली. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढलं जात होतं आणि ती माती घरापर्यंत पोचली होती. बॅटरी आहे तशी, न फोडता, पुनर्वापर केंद्राला द्यावी. याला अपवाद नाही.

छर्‍यांसाठी गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजनं बरी. त्यांत थोडं अँटिमनी आणि किंचित आर्सेनिक असतं, आणि दोन्ही इथे उपयोगी पडतात. मात्र अलीकडची बरीच वजनं जस्ताची असतात. जस्त ४१९.५ अंशांना वितळतं. भांडं ४०० अंशांखाली ठेवलं की जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे न वितळता वर तरंगतात, पळीने उचलून बाजूला काढता येतात. तापमापी नसेल तर हे जमत नाही. एकदा जस्त मिसळलं की शिसं लापशीसारखं होतं आणि बारीक छिद्रं बुजतात. ते सगळं शिसं छर्‍यांच्या कामातून गेलं असं समजावं.

‘भोकांतून थंड पाण्यात ओता, गोल छर्रे होतात’

होत नाहीत. होतात ते शेपटीचे थेंब, चपट्या टिकल्या आणि आतून पोकळ गोळ्या.

थेंबाला गोल करतो तो पृष्ठताण, पण त्याला वेळ लागतो आणि थेंबावर ऑक्साइडची कातडी धरलेली चालत नाही. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये ज्या पद्धतीचं पेटंट घेतलं ती हीच अडचण उंचीने सोडवते. शिसं मनोऱ्याच्या माथ्यावरून चाळणीतून सोडायचं, पडता पडता थेंब गोल होऊन थिजतो, खालचं पाणी फक्त त्याला झेलतं. शिशात थोडं आर्सेनिक असतं, ते कातडी धरू देत नाही. छर्रा जितका मोठा तितका मनोरा उंच. फूट-दीड फुटावरून पडणारा थेंब पाण्याशी पोचतो तेव्हा द्रवच असतो. तो आपटून चपटा होतो, थंड पाणी त्याची बाहेरची बाजू झटकन थिजवतं, मग आतलं शिसं आकसतं आणि पोकळी राहते.

घरगुती यंत्रं ज्या तत्त्वावर चालतात ते याच्या अगदी उलट आहे. लुई ब्लीमाइस्टर यांनी १९६१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. थेंब जेमतेम इंचभर पडू द्यायचा, तोही गरम द्रवात, मग त्याला उतारावरून घरंगळवायचं आणि पुढे गरम द्रवातूनच तळाशी जाऊ द्यायचं. गरम द्रव त्याला सावकाश थिजवतो, घरंगळणं गोलाई पुरी करतं. छिद्र छर्‍यापेक्षा बरंच लहान लागतं: दोन-अडीच मिलिमीटरच्या छर्‍याला साधारण अर्धा मिलिमीटर. संदेशातली खिळ्याने पाडलेली भोकं म्हणजे नुसती धार.

बिघाड ओळखायची खूण छर्‍यातच असते. शेपूट आली तर द्रव थंड आहे किंवा शिसं कमी तापलं आहे. चपटे पडत असतील तर छिद्र द्रवापासून फार वर आहे. दोन-दोन चिकटलेले निघाले तर थेंब फार भराभर पडताहेत किंवा उताराची पट्टी मळली आहे. एखादं छिद्र मध्येच बंद पडलं तर बहुधा साय अडकली आहे. पाण्याऐवजी काही जण इंजिनाचं कूलंट वापरतात. इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, म्हणून ते मुलं-जनावरं फिरतात तिथे उघडं ठेवू नये आणि त्याची गरम वाफ श्वासात घेऊ नये.

निघालेला माल तसाच काडतुसात भरायचा नसतो. आधी दोन चाळण्यांमधून माप ठरवायचं, मग तिरक्या काचेवरून सोडायचं: गोल छर्रा सरळ पळत काचेच्या टोकापुढची फट ओलांडतो, वाकडा रेंगाळून खाली पडतो. पडलेले परत भांड्यात. वाकडा छर्रा हवेत भरकटतो, जनावर मरण्याऐवजी जायबंदी होतं, म्हणून हा टप्पा गाळू नये. अमेरिकी मापात १७ मधून छर्‍याचा क्रमांक वजा केला की व्यास इंचाच्या शंभराव्या भागात मिळतो. ६ नंबर म्हणजे ०.११ इंच, सुमारे २.८ मिमी. घरच्या छर्‍याची मिश्रधातू आणि गोलाई कारखान्याच्या मालासारखी नसते, त्यामुळे आकारमानाच्या मापाने भरलेलं वजन चुकतं. प्रत्येक भरणी काट्यावर तोलावी.

बादली आणि भांडं शेजारी

संदेशाच्या चित्रात वितळलेल्या शिशाशेजारी पाण्याची बादली दाखवली आहे आणि त्याबद्दल अवाक्षरही नाही. शिशाचा थेंब पाण्यात पडला तर नुसता चर्रकन आवाज होतो. पाणी शिशात पडून खाली अडकलं तर त्याची क्षणात वाफ होते, सोळाशे पटींहून जास्त फुगते आणि भांड्यातलं शिसं तोंडावर उडवते. ओली पळी, दमट वजन, पावसात भिजलेला तुकडा, घामाचा थेंब, काहीही पुरतं. नवं शिसं आधी भांड्याच्या कडेला ठेवून पूर्ण तापवावं, मगच आत सोडावं. द्रवाची टाकी भांड्यापेक्षा खाली असावी. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, चामड्याचे हातमोजे, सुती पूर्ण कपडे आणि बूट हवेत. नायलॉन अंगाला चिकटतं.

‘वाफ नाही तर विष नाही’

धोका वाफेत नसून सायीत आहे. तापल्या शिशावर राखट-पिवळी भुकटी धरते. ती पळीने काढताना उडते, हातावर, मनगटावर, केसांत, फोनवर बसते आणि तिथून तोंडात जाते. गिळलेल्या शिशातला साधारण दहावा भाग मोठ्या माणसाच्या अंगात शोषला जातो, लहान मुलांत निम्म्यापर्यंत. रक्तातलं शिसं निम्मं व्हायला सुमारे महिना लागतो, हाडांत दशकानुदशकं राहतं. मुलांसाठी कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही.

म्हणून हे काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, स्वयंपाकघरापासून दूर करावं. वापरलेलं भांडं पुन्हा अन्नाला नको. तोंडावरचं फडकं कामाचं नाही, सूक्ष्म कण गाळणारा पी१०० मुखवटा हवा. झाडू मारू नये, तो धूळ उडवतो; ओल्या फडक्याने पुसावं, पण भांडं पूर्ण गार झाल्यावरच. घरात शिरण्याआधी कपडे बदलून वेगळे धुवावेत, हात साबणाने धुतल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ नये. साय झाकणाच्या धातूच्या डब्यात, नाव लिहून, कोरडी ठेवावी. लहान मूल किंवा गरोदर बाई असलेल्या घरात हा उद्योग सुरूच करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणखी एक भर त्या संदेशाखाली कुणीतरी घातली आहे: ‘छर्रा काढला की मांस स्वच्छ.’ मऊ शिसं हाडाला लागून फुटतं, डोळ्यांना न दिसणारे कण जखमेभोवती पसरतात. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाकावं, आणि व्हिनेगर किंवा लिंबात मुरवू नये, कारण आंबटात शिसं जास्त विरघळतं. पाणपक्ष्यांचा प्रश्न तर मांसाच्याही आधीचा आहे. ते तळातले छर्रे खडे समजून गिळतात. याच कारणाने अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१ पासून शिशाला बंदी आहे, युरोपीय संघातल्या पाणथळ भागांत फेब्रुवारी २०२३ पासून.

‘दूध प्या’

आहारात कॅल्शियम आणि लोह पुरेसं असेल तर पुढचं शोषण थोडं कमी होतं. आत गेलेलं शिसं दुधाने बाहेर पडत नाही. सुरुवातीला लक्षणंही दिसत नाहीत. पोटात कळ, बद्धकोष्ठ, चिडचिड सुरू होईपर्यंत पातळी बरीच चढलेली असते. कळण्याचा मार्ग एकच: रक्तातल्या शिशाची चाचणी, काम सुरू करण्याआधी एकदा आणि पुढे ठरावीक अंतराने. आकडा चढलेला आला तर आधी काम थांबवायचं, मग डॉक्टरांना भांड्यापासून कपड्यांपर्यंत सगळं सांगायचं, आणि घरातल्या मुलांचीही चाचणी त्याच आठवड्यात करायची. शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं आहेत, पण ती पातळी पाहून डॉक्टरच देतात.