रोम शिशाच्या नळांनी बुडवले नाही

रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचे एक सोपे कारण गेली काही वर्षे मोबाइलवर सतत फिरत असते. त्याचा आशय असा: रोमन लोक शिशाच्या नळांतून येणारे पाणी पीत असत; शिसे विषारी आहे हे त्यांना ठाऊक नव्हते; त्या विषाने कालिगुला आणि नीरो यांच्यासारखे सम्राट वेडे झाले, उमरावांची घराणी निपुत्रिक झाली आणि एवढे बलाढ्य साम्राज्य स्वतःच्याच नळांपायी कोसळले; आणि आता शास्त्रज्ञांनीही हे सिद्ध केले आहे. ही गोष्ट चटकन पटते, कारण शिसे खरोखरच विषारी आहे आणि रोमन नळ खरोखरच शिशाचे होते. ‘प्लंबर’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्दसुद्धा शिशासाठी असलेल्या ‘प्लुंबुम’ या लॅटिन शब्दावरूनच आला आहे. परंतु दोन खऱ्या गोष्टी जोडून काढलेला निष्कर्ष खरा असतोच असे नाही, म्हणून या दाव्यातील एकेक विधान स्वतंत्रपणे तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिले विधान पाण्याचे आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याच्याच भोवती आहेत. इ.स.पूर्व ३१२ मध्ये बांधलेल्या आक्वा आप्पियापासून पुढच्या सुमारे साडेपाच शतकांत रोम शहरासाठी अकरा मोठे जलमार्ग झाले. हे जलमार्ग म्हणजे शिशाचे नळ नव्हेत. ते दगडाचे आणि चुन्याच्या काँक्रीटचे, आतून गिलावा केलेले, वरून झाकलेले पाट होते. इ.स.पूर्व १४४ ते १४० या काळात बांधलेल्या आक्वा मार्कियाची लांबी सुमारे ९१ किलोमीटर होती, त्यांपैकी सुमारे ८० किलोमीटर पाट जमिनीखालून जात असे आणि चित्रांत दिसणाऱ्या उंच कमानींवरचा भाग त्या मानाने थोडाच होता. डोंगरातल्या झऱ्यापासून शहराच्या वेशीपर्यंत पाणी केवळ उताराने वाहत येई. शिसे येई ते त्यानंतर: वेशीजवळच्या वाटप-हौदातून सार्वजनिक कारंजी, स्नानगृहे आणि ज्यांना सम्राटाच्या परवानगीने स्वतंत्र जोडणी मिळाली होती अशी घरे यांच्याकडे जाणारे नळ शिशाचे असत. म्हणजे पाण्याचा शिशाशी संबंध येई तो प्रवासाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, आणि तोही थोडा वेळ, कारण ही व्यवस्था अहोरात्र वाहती होती. रोमनांकडे ब्राँझच्या तोट्या होत्या, परंतु आपल्यासारखे रात्रभर पाणी नळात अडवून ठेवणे हा त्यांच्या व्यवस्थेचा पाया नव्हता. कारंज्यांतून वाहून जाणारे जादा पाणी गटारे धुऊन नेण्यासाठीच उपयोगी पडे.

याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याच्या जातीची आहे. रोमचे बरेचसे पाणी आनिओ नदीच्या खोऱ्यातल्या चुनखडीच्या डोंगरांतून येई, आणि म्हणून ते जड होते. जड पाण्याने तांब्याच्या बंबात पांढरा कठीण थर कसा धरतो, हे ज्यांच्या घरी बंब होता त्यांना सांगायला नको. तसाच थर रोमन पाटांत आणि नळांतही धरत असे. इ.स. ९७ मध्ये सम्राट नेर्वाने ज्याला रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमले त्या फ्रोंटिनसने आपल्या वृत्तांतात हा थर काढण्याचे काम दुरुस्तीच्या कामांमध्ये गणले आहे. दक्षिण फ्रान्समधील नीम शहराच्या जलमार्गात तर या थराने पाट दोन्ही बाजूंनी चांगलाच अरुंद करून टाकलेला आजही पाहता येतो. असा थर एकदा धरला की पाणी शिशाला जवळजवळ शिवतच नाही. ए. ट्रेव्हर हॉज या अभ्यासकाने १९८१ मध्ये नेमक्या याच दोन कारणांवर, म्हणजे क्षारांचा थर आणि अखंड वाहते पाणी यांवर, बोट ठेवले होते. याची उलट बाजू २०१४ नंतर अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात दिसली. तेथे पाण्याचा स्रोत बदलताना गंजरोधक प्रक्रिया केली गेली नाही, जुन्या नळांवरचा संरक्षक थर सुटला आणि त्या नळांतले शिसे थेट लोकांच्या पेल्यात आले. शिशाचा नळ किती घातक हे बव्हंशी त्यातून वाहणाऱ्या पाण्यावर ठरते. तेव्हा रोममध्ये सरसकट विषारी पाणी पुरवले जात होते असे म्हणता येत नाही. अगदी नव्या नळाचे किंवा मऊ पाणी असलेल्या एखाद्या प्रांतातल्या नगराचे चित्र वेगळे असू शकते, एवढेच म्हणता येते.

रोमनांना शिशाचा धोका ठाऊक नव्हता, हे दुसरे विधान सरळ चुकीचे आहे. इ.स.पूर्व पहिल्या शतकात आपला स्थापत्यग्रंथ लिहिणाऱ्या व्हिट्रुव्हियसने मातीच्या नळांचे पाणी शिशाच्या नळांपेक्षा आरोग्याला चांगले असल्याचे स्पष्ट लिहिले आहे, आणि पुरावा म्हणून शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांच्या फिकट पडलेल्या चेहऱ्यांकडे लक्ष वेधले आहे. रोमन लेखक थोरल्या प्लिनीनेही शिशाच्या भट्टीतल्या वाफा घातक असल्याची नोंद केली आहे. ठाऊक असूनही वापर चालू राहिला हे खरे, परंतु ते अज्ञान नव्हे. शिसे स्वस्त होते, सहज वाकत होते आणि त्याचा पत्रा गुंडाळून, सांधा जोडून नळ करणे सोपे होते.

दाव्यातला खरोखर गंभीर भाग नळांचा नाही, तो द्राक्षरसाचा आहे, आणि फिरत्या संदेशांत तो बहुधा नसतो. रोमन लोक द्राक्षांचा रस आटवून एक गोड पाक करीत आणि तो दारू टिकवण्यासाठी व पदार्थ गोड करण्यासाठी वापरीत. हा रस कोणत्या भांड्यात आटवावा याबद्दल शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेल्ला आणि प्लिनी हे दोघेही शिशाचे भांडे पसंत करतात. त्यामागचे कारण मराठी वाचकाला लगेच समजेल. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार कळकते, तसाच आंबट द्राक्षरस तांब्या-ब्राँझच्या भांड्यात कळकत असे. कोलुमेल्ला तेच सांगतो, की उकळताना ब्राँझला हिरवा गंज चढतो आणि पाकाची चव बिघडते. हा गंज टाळण्यासाठी त्यांनी शिसे वापरले आणि एका विषाऐवजी अधिक कपटी विष पाकात उतरवले, कारण आम्लात विरघळलेले शिसे चवीला गोड लागते. जुन्या कृतीप्रमाणे शिशाच्या भांड्यात रस आटवून पाहणाऱ्या आधुनिक प्रयोगांत लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम शिसे आढळले आहे. ज्यांच्या पानात आणि पेल्यात असा पाक रोज येत असेल त्यांना त्याची बाधा झाली असणार, हे मी निःसंकोच मान्य करतो.

परंतु येथून पुढे उडी मारली जाते. जेरोम न्रिआगू या भूरसायनतज्ज्ञाने १९८३ मध्ये रोमन सम्राटांच्या खाण्यापिण्याच्या वर्णनांवरून असे मांडले, की त्यांच्यापैकी बहुसंख्यांना शिशाची बाधा झालेली असावी. पुढच्याच वर्षी प्राचीन वैद्यकाचे इतिहासकार जॉन स्कारबरो यांनी मूळ लॅटिन व ग्रीक उताऱ्यांचा अर्थ कसा ताणला गेला आहे हे दाखवून दिले. पाक नेहमी शिशाच्याच भांड्यात होत असे असे नाही, आणि सर्व दारूत तो घातला जात असे असेही नाही. शिवाय ज्या वर्णनांवरून सम्राटांच्या वेडाचे निदान केले जाते ती वर्णने कोणाची आहेत हेही पाहिले पाहिजे. इ.स. ३७ ते ४१ या काळात राज्य करणाऱ्या कालिगुलाचे सर्वांत रंगतदार चरित्र सुएटोनियसने सुमारे ऐंशी वर्षांनी लिहिले, आणि त्याच्यासमोरची माहिती सेनेटच्या वर्तुळातली, म्हणजे कालिगुलाच्या शत्रूंची होती. अशा मजकुरावरून दोन हजार वर्षांनी रक्ततपासणी केल्यासारखे निदान करणे मला अजिबात पटत नाही. त्याच शहरातले पाणी पिऊन, त्याच दरबारी पंगतीत जेवून पहिला सम्राट ऑगस्टस जवळजवळ ७६ वर्षे जगला आणि अखेरपर्यंत कारभार पाहत राहिला. त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियस ७७ वर्षे जगला. निपुत्रिकपणाचे म्हणावे, तर सम्राट मार्कस ऑरेलियस आणि त्याची पत्नी फाउस्टिना यांना किमान तेरा-चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी बहुतेक लहानपणीच गेली, पण त्या काळी घरोघरी हेच दुःख होते.

आता शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, या विधानाकडे वळू. २०१४ मध्ये रोमच्या प्राचीन बंदरातल्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नळाच्या पाण्यातले शिसे स्थानिक झऱ्यांच्या पाण्याच्या सुमारे शंभर पट असावे असा निष्कर्ष होता, आणि ‘शंभर पट’ एवढेच शब्द बातम्यांतून फिरले. त्याच अभ्यासकांनी हे प्रमाण खरोखर अपायकारक असण्याची शक्यता कमी असल्याचेही नमूद केले होते. तो भाग मागे पडला, याचे मला मनापासून वाईट वाटते. जानेवारी २०२५ मध्ये आर्क्टिक बर्फाच्या थरांवरून केलेला दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. साम्राज्याच्या भरभराटीच्या सुमारे दोन शतकांत ५ लाख टनांहून अधिक शिसे हवेत मिसळले आणि त्यामुळे लोकांचा बुद्ध्यंक सरासरी २.५ ते ३ अंकांनी घटला असावा, असा त्याचा अंदाज आहे. हे शिसे नळांतले नव्हते. ते मुख्यतः चांदीच्या खाणी आणि भट्ट्यांमधून उडालेले होते, कारण चांदी शिशाच्या खनिजातूनच गाळली जाई. शिसे त्या जगात किती मुबलक होते याची एक खूण आपल्या बाजूलाही आहे: इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे आणि कथिलाबरोबर शिशाचीही नोंद आहे, आणि सातवाहनांची शिशाची नाणी तर प्रसिद्धच आहेत.

हाच बर्फाचा पुरावा फिरत्या दाव्याच्या मुळावर येतो. शिशाचा धूर सर्वाधिक होता तेव्हा साम्राज्यही सर्वाधिक बलवान होते. इ.स. १६५ च्या सुमारास अँटोनाइन साथ आली, खाणी ओस पडल्या, बर्फातले शिसे एकदम उतरले आणि पुढे शतकानुशतके कमीच राहिले. साम्राज्याचे पुढे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि पश्चिमेचा पाडाव झाला तो या कमी शिशाच्या काळात. शिवाय या उत्तरकाळातले बरेच कर्तबगार सम्राट रोममध्ये वाढलेलेच नव्हते. ऑरेलियन, डायोक्लेशियन, कॉन्स्टंटाइन ही बाल्कन प्रदेशातली माणसे लष्करी छावण्यांतून वर आली होती, आणि पश्चिमेचा दरबारही मुख्यतः रोममध्ये नव्हता, तो इ.स. ४०२ मध्ये मिलानहून रव्हेन्नाला गेला होता. तेच कायदे, तेच पाट, तीच स्नानगृहे असलेले पूर्वेचे साम्राज्य मात्र १४५३ पर्यंत टिकले. पश्चिमेच्या पतनाचे जे कारण पूर्वेच्या टिकण्यापुढे निरुत्तर होते, ते कारण म्हणून स्वीकारता येत नाही.

पश्चिमेत काय घडले याचा क्रम पुरेसा स्पष्ट आहे. ३७६ मध्ये गॉथ टोळ्यांचे लोक डॅन्यूब नदी ओलांडून आत आले, ३७८ मध्ये एड्रियनोपलच्या लढाईत सम्राट व्हॅलेन्स मारला गेला, ४०६ च्या अखेरीस ऱ्हाइन नदीवरची सीमा फुटली आणि ४३९ मध्ये व्हँडल टोळ्यांनी कार्थेज घेतले. यांपैकी शेवटचा घाव मला सर्वांत मोठा वाटतो, कारण उत्तर आफ्रिकेचे धान्य आणि महसूल गेल्यावर सैन्य पोसायला पैसाच उरला नाही, आणि पैशाविना सैन्य नाही, सैन्याविना उरलेला महसूलही नाही, अशा फेऱ्यात पश्चिम ४७६ मधल्या अंतापर्यंत घरंगळत गेली.

नळांच्या कथेत रोमच्या पाण्याला गुन्हेगार ठरवले जाते, म्हणून ५३७ सालचा प्रसंग येथे सांगितला पाहिजे. त्या वर्षी गॉथ राजा व्हिटिगेसने रोमला वेढा घातला आणि शहराचे जलमार्ग तोडले. यानिक्युलम टेकडीवरच्या पाणचक्क्या थांबल्या. शहर तेव्हा पूर्वेच्या साम्राज्याच्या ताब्यात होते; त्याचा सेनापती बेलिसारियस याने टायबर नदीत होड्या बांधून त्यांवर चक्क्या बसवल्या, तेव्हा कुठे शहराला पीठ मिळाले. त्यातले काही जलमार्ग पुढे दुरुस्त झाले, परंतु टेकड्यांवरच्या वस्त्या हळूहळू रिकाम्या होत गेल्या आणि उरलेले लोक नदीच्या वळणाजवळच्या सखल भागात, जेथे हाताने पाणी काढता येई तेथे, उतरून राहू लागले.