जादा दिवे बसवू इच्छिणाऱ्या दुचाकीस्वारांस काही सूचना

आपण लडाखला जाण्यासाठी म्हणून उंच, दणकट मोटरसायकल घेतली असेल आणि ती तूर्तास पुण्यात रोज कोथरूड ते हिंजवडी एवढीच मोहीम पार पाडत असेल, तर तिला पुढे दोन जादा दिवे बसवून घेणे हे आपले आद्य कर्तव्य आहे. कंपनीने दिलेला हेडलाइट कमी का पडतो, याचा शोध घेण्याच्या भानगडीत पडू नये. त्याच्या काचेवर मागच्या सहलीतले किडे वाळून बसलेले असतील, किंवा मागे सामान बांधल्यामुळे गाडीचे नाक वर होऊन त्याचा झोत झाडांच्या शेंड्यांवर पडत असेल. पण काच पुसायला फडके पुरते आणि झोत खाली आणायला एक स्क्रू फिरवावा लागतो. ज्या कामाला पैसे पडत नाहीत त्याने गाडी सुधारते, यावर आपण विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

खरेदीसाठी नाना पेठेत जावे. झोत रुंद हवा की लांब, प्रकाश पिवळा हवा की पांढरा, असले काही दुकानदाराशी बोलू नये. ‘सगळ्यात पॉवरफुल कुठला?’ एवढेच विचारावे. तो काडेपेटीएवढा दिवा काढून देईल आणि त्याच्या खोक्यावर २०० वॉट असे छापलेले असेल. खोक्यावरचे वॉट आणि लग्नपत्रिकेवरची मुहूर्ताची वेळ यांवर सारखाच विश्वास ठेवायचा असतो. १२ व्होल्टच्या गाडीवर २०० वॉट म्हणजे जवळपास १७ अँपिअर, आणि दिव्याबरोबर आलेली बारीक वायर खरोखरच तेवढा प्रवाह वाहून नेऊ लागली तर दिव्याआधी तीच उजळेल, हा हिशेब शाळेत शिकलेला असला तरी दुकानात करून दाखवू नये. मागे गिऱ्हाइके उभी असतात.

गाडीची वीज मुळात येते कुठून, हा विचारही टाळावा. इंजिनाबरोबर फिरणारे चुंबक आणि त्याच्या आतला स्टेटर, म्हणजे तारेची स्थिर गुंडाळी, ठरावीकच वीज तयार करतात. हेडलाइट, पेट्रोलचा पंप, इग्निशन आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांची भूक भागल्यावर जे उरते ते आपले दिवे, मोबाइलचा चार्जर आणि हौसेने बसवलेला मोठा हॉर्न यांनी वाटून घ्यायचे असते. सिग्नलला इंजिन मंद फिरत असताना ही शिल्लक आणखी घटते आणि तूट बॅटरीला भरून काढावी लागते. पण म्हणून नळ स्टॉप चौकातल्या सिग्नलला दिवे बंद करायचे नसतात. तिथेच तर लोक पाहत असतात.

वायरिंगच्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण एखादा जुना ऑटो इलेक्ट्रिशियन आपल्याला रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या बटणाच्या, नादी लावण्याचा धोका असतो. त्याचे म्हणणे असे, की दिव्यांचा जड प्रवाह बॅटरीतून फ्यूजमार्गे रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला द्यावा आणि ८७ मधून दिव्यांकडे न्यावा. ८५ आणि ८६ यांच्यामध्ये रिलेची कॉइल असते, आणि चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या एखाद्या वायरीतून, हँडलवरच्या बटणामार्गे, तिला पाव अँपिअरच्याही आतला प्रवाह मिळाला, की आतली पट्टी ओढली जाऊन मोठा प्रवाह सुरू होतो. म्हणजे बटणातून फक्त हुकूम जातो, ओझे जात नाही, आणि चावी काढली की दिवे आपोआप विझतात. ऐकायला हे सगळे ठीक आहे. परंतु रिलेला दोन माणसांच्या मिसळीएवढे पैसे पडतात, आणि अडीच लाखांची गाडी घेतलेल्या माणसाने असा खर्च सुरू केला तर त्याला अंत नाही.

त्यापेक्षा हेडलाइटच्या अप्परच्या, म्हणजे लांब झोताच्या, वायरीचे आवरण ब्लेडने सोलावे, दिव्यांची वायर तिला दोन पीळ देऊन गुंडाळावी आणि वरून काळी चिकटपट्टी मारावी. कंपनीचे बटण ५५-६० वॉटच्या बल्बच्या हिशेबाने बनवलेले असते. त्यातून दुप्पट प्रवाह जाऊ लागला की ते तापते, आणि ताम्हिणी घाटाच्या पावसात भिजलेल्या डाव्या अंगठ्याला ती ऊब फार सुखकर वाटते. पुढे बटणातले प्लॅस्टिक मऊ होऊन आतल्या पट्ट्या एकमेकींना कायमच्या चिकटल्या, तर अप्पर की डिपर हा निर्णय दर वेळी घेण्याचा त्रासही वाचतो. अलीकडच्या काही गाड्यांत बटण नुसता निरोप देते आणि बाकीचे आतला संगणक ठरवतो. तिथे अशी जोड दिली की मीटरवर इशाऱ्याचा दिवा लागू शकतो. तोही जादा दिवाच, आणि फुकट मिळालेला.

बटण तापणे ज्यांना पसंत नसेल त्यांनी थेट बॅटरीवरून वायर घ्यावी. अशा गाडीची सीट उघडल्यावर दिसणारे दृश्य प्रेक्षणीय असते: बॅटरीच्या प्लस टोकावर मूळची वायर, तिच्यावर हॉर्नचे थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे कडे), त्यावर चार्जरचे, सगळ्यात वर आपल्या दिव्यांचे, आणि या चळतीला पकडून ठेवणाऱ्या बोल्टाचे जेमतेम दीड आटे नटात गेलेले. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा असे जाणकार सांगतात, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये वायर घासून चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकली तर तिला वाचवणारे कोणी नसते. आपण तो दिव्यापाशी लावावा. बदलायला सोपा जातो. ४० वॉटच्या दोन खऱ्याखुऱ्या दिव्यांना मिळून ७ अँपिअरच्या आत प्रवाह लागतो आणि १० अँपिअरचा फ्यूज त्यांना पुरतो. तरीही तो वारंवार उडत असेल तर दोष फ्यूजचाच समजून ३० चा घालावा, आणि तोही टिकला नाही तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळावी. जळायचे ते मग वायरीने जळावे. चावी काढल्यावर दिवे विझवायचे राहून गेले, तर ८ अँपिअर-तासांची बॅटरी तासाभरात मान टाकते. सकाळी सोसायटीतली चार माणसे धक्का मारायला आपणहून धावून येतात. इंजेक्शनच्या गाडीत पंपालाच वीज नसल्यामुळे धक्क्याचा उपयोग होत नाही, पण ओळखी वाढतात.

हँडलच्या मानेपाशी वायर अगदी ताणून न्यावी. हँडल दोन्ही बाजूंना पुरते वळवून वायर कुठे चिमटते का हे पाहणे, जोडांना थिंबल दाबून त्यावर स्लीव्ह चढवणे, दिव्यांच्या बोल्टांना लॉक नट लावणे, हे सर्व ज्यांना घाई नसते त्यांचे छंद आहेत. इंजिनाच्या उष्णतेने चिकटपट्टीचा गोंद वितळतो आणि वॉशिंग सेंटरवाल्याच्या फवाऱ्याचे पाणी जोडात शिरते, हे खरे. पण ते शिरताना दिसत नाही.

आता मुख्य विषय, म्हणजे झोत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो, की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा, इतका, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा कोणाचेही डोळे दिपू नयेत. नियम करणाऱ्यांनी जागा इतकी काटेकोर सांगितली आहे, की आपल्याला नेम धरायला दुसरे काही शोधावे लागत नाही. स्वार आणि सामान गाडीवर असताना ती भिंतीसमोर उभी करावी, दिव्यांच्या उंचीची खूण भिंतीवर करावी आणि झोताचा माथा त्या खुणेच्या खाली आणावा, अशी एक पद्धत आहे खरी. परंतु तिच्यामुळे रस्ता आपल्याला दिसू लागतो एवढेच, आपण कोणाला दिसत नाही, आणि मग एवढा खर्च केला कशासाठी?

जुलै महिन्यात वरंध घाटात धुके उतरले की पांढराशुभ्र झोत वर करून सगळेच्या सगळे दिवे लावावेत. धुक्याचे थेंब तो प्रकाश साभार परत करतात आणि समोर एक उजळ भिंत उभी राहते. खालून टाकलेला, रुंद आणि वरून कापलेला झोत या भिंतीच्या बुडातून थोडातरी रस्ता दाखवतो, पण त्याचे फोटो चांगले येत नाहीत. वळणावरून एसटी आली तर अंतर कितीही कमी असो, दिवे खाली घेऊ नयेत. तिच्या चालकाला क्षण-दोन क्षण काहीही दिसत नाही, आणि ते क्षण तो आपल्याच दिशेने येण्यात घालवतो. त्यानेही अप्पर मारला तर त्याला रस्त्यावरचे संस्कार नाहीत असे समजून आपण कर्कश हॉर्न वाजवावा.

गाडी सर्व्हिसिंगला देताना वायर जळालेली निघाली आणि मेकॅनिकने ‘हे कोणी केलं?’ असे विचारले, तर ‘आधीपासूनच आहे’ असे उत्तर द्यावे, मग गाडी शोरूममधून आपणच नवी कोरी आणलेली का असेना. वॉरंटीच्या कागदावर बाहेरून केलेल्या वायरिंगबद्दल बारीक अक्षरात काय लिहिले आहे, ते त्याला पाठ असते. आपण वाचून वाद वाढवू नये.

शेवटी गाडी विकायला काढाल तेव्हा जाहिरातीत ‘एकहाती वापर, जादा दिवे बसवलेली’ असे लिहावे आणि दिव्यांचे पैसे वेगळे लावावेत. सीट उघडून दाखवू नये. गिऱ्हाईक रात्री उशिरा गाडी पाहायला आले तर घाबरण्याचे कारण नाही. सगळे दिवे लावून गाडी त्याच्या तोंडासमोर उभी करावी. बाकीचे काहीच त्याला दिसणार नाही.