‘मोल दिसला की गुणा’ म्हणणाऱ्या मेसेजचा हिशेब

सीईटीच्या तोंडावर नाशिकच्या बारावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: “मोलचं कुठलंही गणित ५ सेकंदांत! दिलेला आकडा ६.०२२ × १०^२३ ने गुणा. कण म्हणजे अणू. वायू असेल तर १ मोल = २२.४ लिटर, कायम. ही संख्या ॲव्होगॅड्रोने मोजलेली आहे, डोळे मिटून वापरा.”

“दिलेला आकडा गुणा.” आकडा मोलमध्ये असेल तरच. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापतात त्या नोटांचीच गड्डी घ्या. गड्डीत १०० नोटा. ७ गड्ड्यांच्या नोटा काढायच्या तर गुणाकार, ७०० नोटांच्या गड्ड्या काढायच्या तर भागाकार. आणि कुणी नुसतं वजन सांगितलं, तर आधी एका गड्डीचं वजन लागतं. दहाच्या गड्डीचं वेगळं, पाचशेच्या गड्डीचं वेगळं. मोल हीसुद्धा गड्डीच, नग तेवढे ६.०२२ × १०^२३.

द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाला (बुरशीनाशक फवाऱ्याला) लागणारं मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, १०० ग्रॅम घ्या. त्याच्या एका मोलचं वजन २४९.७ ग्रॅम. १०० ÷ २४९.७ = ०.४००५ मोल, आणि मग गुणाकार: २.४१ × १०^२३ एकके. मेसेजप्रमाणे सरळ १०० ने गुणलं तर उत्तर २५० पट फुगतं. दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण तिचं उत्तर बरोबर वाटतं: निळ्या खड्यात तांब्याच्या प्रत्येक आयनामागे (विद्युतभारित अणूमागे) पाण्याचे ५ रेणू असतात, ते विसरून मोलचं वजन १५९.६ धरलं जातं. मग ३.७७ × १०^२३ येतात, दीडपटीहून जास्त. पर्यायांत हा आकडा हमखास ठेवलेला असतो.

“कण म्हणजे अणू.” कशाचे कण, हे प्रश्न सांगतो. वरच्याच १०० ग्रॅममध्ये तांब्याचे आयन २.४१ × १०^२३, पाण्याचे रेणू त्याच्या ५ पट, ऑक्सिजनचे अणू ९ पट (सल्फेटातले ४, पाण्यातले ५). पदार्थ तोच, मोल तेवढेच, उत्तरं तीन.

“२२.४ लिटर, कायम.” ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाब असेल तर. आययुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार केला, त्या हिशेबाने २२.७. प्रश्नात कोणता दाब दिलाय ते वाचा. नाशिकच्या मे महिन्यात ४० अंशांना १ ॲटमॉस्फिअरलाच २५.७ लिटर होतात; त्यात शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणजे दाब आणखी कमी, आकारमान आणखी जास्त. आणि हे फक्त वायूंना. द्रव पाण्याचा एक मोल जेमतेम १८ मिलिलिटर भरतो.

“ॲव्होगॅड्रोने मोजलेली.” नाही. या इटालियन शास्त्रज्ञाने १८११ मध्ये मांडलं ते इतकंच, की सारख्या तापमान-दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही सारखेच. ६.०२२ × १०^२३ या स्थिरांकाला त्याचं नाव १९०९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेरँने दिलं. २० मे २०१९ पासून तर तो मोजायचा राहिलाच नाही, व्याख्येनेच ६.०२२१४०७६ × १०^२३ ठरला.

राहिलं “डोळे मिटून”. प्रश्न असा: पाण्याचे ३.०११ × १०^२२ रेणू म्हणजे किती मोल? सीईटीला कॅलक्युलेटर नसतो, म्हणून आकडे वेगळे, घात वेगळे: ३.०११ ÷ ६.०२२ = ०.५; २२ − २३ = −१; उत्तर ०.०५ मोल. इथे वजाबाकी उलटी करून ५ लिहिणारे पुष्कळ. १०^२२ हा १०^२३ पेक्षा लहान, म्हणजे पुरी गड्डीही नाही, एवढं पाहिलं तरी ५ खोडता येतो. मेसेजप्रमाणे गुणलं तर १.८ × १०^४६ मोल येतात, आणि तेवढ्या पाण्याचं वजन सूर्याच्या १०^१४ पटींहून जास्त भरतं. खरं पाणी ०.९ ग्रॅम, चहाचा चमचाही भरणार नाही.