जिन्याखालचा ऐवज

काल सोसायटीच्या फळ्यावर आमचा फ्लॅट नंबर झळकला. पुढे 'जिन्याखालील अडगळ तातडीने हलवावी' आणि तीन उद्गारचिन्हं. अडगळ म्हणे! बाथरूमच्या कामातून उरलेल्या दोन पेट्या लाद्या, निम्मी सिमेंटची गोणी आणि रंगाचा डबा. "साहेब, दोन पेट्या जादाच घ्या, पुढे हा लॉट मिळायचा नाही," असं बजावणारा दुकानदार त्या ठेवायच्या कुठे ते सांगत नाही. मुलुंडच्या वन बीएचकेत पोटमाळ्यावर बायकोच्या माहेरची पितळी भांडी आहेत. त्यांना हलवायची माझी प्राज्ञा नाही.

खाली गेलो तर पहिल्या मजल्यावरचे काका बनियनवर हजर. बांधकाम खात्यातून निवृत्त. रुग्णाची नाडी पाहावी तशी त्यांनी गोणी चाचपली.

"गुठळी चिमटीत धरा. चुरगळली?"

"नाही."

"मग गेला माल. थेट फरशीवर ठेवलीत ना? खाली फळ्या हव्यात, भिंतीपासून हातभर लांब. हवेतली ओल पितं हो सिमेंट! कोरड्या गोदामातसुद्धा तीन महिन्यांत साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते. इथे तर जुलै."

रोज याच जिन्यावरून दूध आणायला जाणारा हा माणूस!

"काका, आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

मग डब्याचं झाकण. सडक्या अंड्यांचा भपकारा आला. "हाही गेला," काका समाधानाने म्हणाले. "पाण्यातला रंग नासतो. शिवाय जिना ही आगीत पळायची वाट, इथे काही ठेवूच नये."

मान्य. पण मग गणपतीच्या मांडवाचे बांबू, कापडाची गाठोडी, माजी चेअरमनांचा तीन पायांचा सोफा? ते बहुधा आगीत स्वतःच्या पायांनी बाहेर पडणार असतील. त्यांचा नंबर फळ्यावर कधी येत नाही.

गोणीचा तर धोंडाच झालाय. भंगारवाला शिवत नाही, कचऱ्याची गाडी डेब्रिज घेत नाही. पालिकेची डेब्रिज उचलायची वेगळी सोय आहे, पण निम्म्या गोणीसाठी फोन करायचा?

काका अजून घुटमळत होते.

"लाद्यांना मात्र काही होत नाही हं. आमच्या मोरीत चार फुटल्यात..."

"शेड जुळणार नाही, काका."

"मोरीत कोण बघतंय?" म्हणत त्यांनी पेटीची पट्टी तोडलीसुद्धा.