काच थेट विटांवर ठेवू नका

लेगोच्या, म्हणजे खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांपासून मुंग्या पाळायचं घर बांधण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं 'लेगोच्या विटा घट्ट बसतात, वर काच ठेवली की मुंग्यांचं घर तयार' हे वाक्य कृपया बदला. विटेच्या माथ्यावरचे गोल खुंट जवळपास पावणेदोन मिलिमीटर उंच असतात. काच त्यांच्यावर टेकते आणि खाली तेवढी फट राहते. घरातली बारीक लाल मुंगी त्यातून आरामात बाहेर येते. शेवटचा थर लेगोच्याच बिनखुंटाच्या सपाट टाइल्सचा लावा, त्यावर फोमची पातळ पट्टी आणि मग काच. नवख्यांनी मुंगळेच पाळावेत, अंगाने मोठे असल्याने आवरायला सोपे.

ओलाव्याबद्दल तर लेखात अवाक्षर नाही! हे प्लास्टिक पाणी धरून ठेवत नाही. फवारा मारला की थेंब साचतात आणि मुंग्यांच्या अळ्या त्यात बुडतात. तळाला सेंटीमीटरभर प्लास्टर ऑफ पॅरिस ओता, दोन वाट्या भुकटीला एक वाटी पाणी. त्याआधी सांध्यांवर बाहेरून चिकटपट्टी लावा, नाहीतर पातळ प्लास्टर झिरपतं. तळाची पाटी जुनीच घ्या, खुंटांत प्लास्टर बसलं की ती परत सुटत नाही. पूर्ण वाळल्यावर पाणी एकाच कोपऱ्यात घाला, दुसरं टोक कोरडं राहू द्या. कामकरी मुंग्या अळ्या हव्या तिथे स्वतःच हलवतात.