कापूस धुवायची रीत लायक्राला लावू नका भो

परवा ग्रुपवर परत तोच मेसेज. "सायकलिंगचे महागडे कपडे ५ वर्षं टिकवा, फक्त घरगुती उपाय", खाली जोडलेले हात आणि "जास्तीत जास्त सायकलप्रेमींपर्यंत पोचवा". वर्षभरात हा मला जळगावच्या दोन ग्रुपवर, भुसावळच्या एका ग्रुपवर आणि धुळ्याच्या मावसभावाकडून असा चारदा आलाय आणि दरवेळी खाली अंगठ्यांची रांग. यावेळी म्हणलं बस झालं, लिहूनच टाकतो, कारण यातले निम्मे उपाय मी स्वतः करून बसलोय आणि दोन बिब शॉर्ट (खांद्यावर पट्टे असलेली सायकलिंगची चड्डी) अन् एक जर्सी त्यात घालवलीये.

आधी एक गोष्ट, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपण कापसाच्या मुलखातली माणसं. घरात बनियन, टॉवेल, चादर, गोधडी सगळं सुती, आणि आपल्या आयांची धुवायची जी पद्धत आहे, कढत पाणी, भरपूर पावडर, दगडावर आपटायचं आणि उन्हात टाकायचं, ती सुती कपड्यासाठी बरोबरच आहे. पण जर्सी असते पॉलिएस्टरची आणि चड्डी असते नायलॉन नाहीतर पॉलिएस्टरमधे लायक्रा मिसळलेली. लायक्रा म्हणजे ताणणारं पॉलियुरेथेन, ड्यूपाँट कंपनीतल्या जोसेफ शायव्हर्स नावाच्या केमिस्टने १९५८ साली काढलेलं. कापूस नुसत्या हवेतूनच स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के ओल धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून तर घाम जर्सीत मुरत नाही, धाग्यांमधल्या फटींतून बाहेरच्या अंगाला सरकतो आणि उडून जातो. पण पाण्याशी वैर असलेला हा धागा तेलाशी मात्र दोस्ती करतो, अंगाचं तेल, क्रीम, भरीत खाल्ल्यावर पुसलेला हात, सगळं धरून बसतो. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात कापूस होता, सगळी गडबड तिथेच झालीये.

आता एकेक मुद्दा घेऊ.

"प्रत्येक राईडनंतर धुऊ नका, धुण्याने कपडा झिजतो. २ तास कडक उन्हात टाका, सगळे जंतू मरतात."

यात पाव टक्का खरं आहे. उन्हाने वरवरचे जंतू मरतात आणि कपडा वाळतो, आणि वाळणं महत्त्वाचंच आहे. पण घामातलं मीठ, तेल, कातडीचा भुगा कुठे जाणार? तो तिथेच. आणि चड्डीत बसायच्या जागी लावलेला पॅड म्हणजे बोटभर जाड फोम, त्याच्या पोटात ऊन पोचत नाही. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात २०१४ साली यावर चक्क अभ्यास झालाय, २६ जणांना सुती आणि सिंथेटिक टीशर्ट घालून तासभर जागेवरची सायकल मारायला लावली, टीशर्ट तसेच घामट ठेवून दिले आणि दुसऱ्या दिवशी वास घेतला. पॉलिएस्टरचा वास जास्त घाण, आणि त्यावर मायक्रोकॉकस नावाचे जंतू फोफावलेले, जे सुती कापडावर तेवढे वाढले नाहीत. (वास घ्यायचं काम ज्यांच्याकडे आलं त्यांना माझा नमस्कार.) म्हणजे बनियन एखादवेळी दुसऱ्या दिवशी घातलं तर चालेल, जर्सी नाही आणि चड्डी तर अजिबात नाही. मेहरूण तलावाला दोन चकरा मारल्या तरी धुवायची. धुण्याने कपडा झिजतो ते चुकीचं धुतल्याने.

आणि ऊन. भो, हा मेसेज बहुतेक पुण्यातल्या कुणीतरी लिहिलाय. आपल्याकडचं मेचं ऊन म्हणजे पापड-कुरडया वाळवायचं ऊन, पारा ४५ च्या वर. मी एक अख्खा उन्हाळा माझी काळी बिब गच्चीवरच्या पत्र्यावर वाळत घालत होतो, दहा मिनिटांत कडक, मला वाटायचं काय मस्त. जूनमधे बघतो तर मांडीजवळ पांढरे बारीक केसासारखे धागे बाहेर आलेले, ओढले की तुटायचे, आणि काळा रंग जाऊन विटकरीसारखा झालेला. ते पांढरे केस म्हणजे मेलेला लायक्रा. तरी मी घालत राहिलो, पैसे दिलेत ना. मग एका रविवारी अजिंठ्याच्या राईडला मागून येणारा एक पोरगा बराच वेळ गप्प होता, मग शेजारी येऊन हळूच म्हणाला, "दादा, राग नका मानू, पण तुमची चड्डी मागून आरपार दिसते." पुढचे पन्नास किलोमीटर मी सगळ्यात शेवटी चालवली. तेव्हापासून सावलीत, आतली बाजू बाहेर करून, पॅड वर. आपल्या कोरड्या हवेत एप्रिल-मेमधे सावलीतसुद्धा जर्सी तासाभरात वाळते, ऊन लागतं कशाला. पॅडला सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवलं तर माझी हरकत नाही.

"कढत पाण्यात डेटॉल टाकून रात्रभर भिजवा."

कढत पाण्याने लायक्राचा ताण जातो आणि पॅडचे थर ज्या गोंदाने चिकटवलेले असतात तो सुटू शकतो. लेबलवर बघा, बहुतेक ठिकाणी ३० डिग्री लिहिलेलं असतं. आता गंमत अशी की आपल्याकडे मेमधे दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं जे पाणी नळाला येतं त्यात हात धरवत नाही, म्हणजे तुम्ही "थंड पाण्यात" धुताय असं तुम्हाला वाटतं आणि प्रत्यक्षात कढत पाण्यातच धुताय. मी रात्री बादली भरून बाथरूममधे ठेवतो, सकाळी राईडवरून आलो की तेच पाणी. रात्रभर भिजवायचं काहीही कारण नाही, दहा-पंधरा मिनिटं पुरे, घाणीच्या पाण्यात कपडा रात्रभर ठेवला की सुटलेली घाणच परत बसते. जंतुनाशकाचं म्हणाल तर रोज टाकायची गरज नाही, आणि नीट निघालं नाही तर ते पॅडमधून थेट तुमच्या नाजूक कातडीला लागणार, मग आग होते. कुठे ते सांगत नाही.

"भरपूर पावडर टाका, घाम जास्त असतो."

याच्यावर माझा जरा जास्तच राग आहे. आपलं बोअरचं पाणी जड, क्षारांचं, साबण त्यात फुटतो आणि पांढरा चिकट थर कपड्यावर बसतो. डिटर्जंट पावडरचं तेवढं होत नाही पण लोकं काय करतात, फेस येत नाही म्हणून अजून एक मूठ टाकतात. फेस म्हणजे स्वच्छता हा आपला एक गोड गैरसमज आहे. ती जास्तीची पावडर स्पंजात म्हणजे पॅडमधे जाऊन बसते आणि दोन पाण्यांत निघत नाही. एका श्रावणात पाटणादेवीच्या राईडला चाळीसगावच्या पुढे पाऊस लागला, जोरात, आणि मी बघतो तर माझ्या दोन्ही मांड्यांवरून पांढरा फेस खाली ओघळतोय, पायडल मारतोय तसा अजून येतोय, आतमधे वॉशिंग मशीन चालू असल्यासारखा. सोबतचे हसून हसून पडायचे बाकी. संध्याकाळी त्याच जागेवर लाल चट्टे. एका चड्डी-जर्सीला अर्ध्या बादलीत एक छोटा चमचा लिक्विड डिटर्जंट पुरतं, आणि तीनदा साध्या पाण्यात काढायचं, पॅड दाबून बघायचा, पाणी गढूळ किंवा बुळबुळीत येतंय तोवर झालेलं नाही. जर्सी पिळायची नाही, टॉवेलमधे गुंडाळून वरून दाबायची, टॉवेल पाणी ओढून घेतो. कापूस शेवटी इथे कामाला येतो बघा.

"शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर टाका, लायक्रा मऊ राहतो."

मऊ राहतो, आणि निकामी होतो. सॉफ्टनर करतो काय, तर धाग्यावर एक मेणचट थर चढवतो, म्हणून हाताला छान लागतं. पण ज्या फटींतून घाम बाहेर जायचा त्याच बुजतात. पटत नसेल तर घरी करून बघा: जर्सीच्या आतल्या बाजूवर बोटाने एक थेंब पाणी सोडा. नवीन जर्सीवर थेंब लगेच पसरून डाग मोठा होतो. माझ्या सहा महिने सॉफ्टनर खाल्लेल्या जर्सीवर तो अळूच्या पानावर बसतो तसा बसून राहिला, मी चहा घेऊन आलो तरी तिथेच. अशी जर्सी घालून पद्मालयचा चढ चढलात की पाठीवर ओला टॉवेल टाकल्यासारखं होतं. ती नंतर मी दोन-तीनदा नुसत्या डिटर्जंटने धुऊन थोडीफार परत आणली, पूर्ण नाही.

मिठाचा उपाय ("नवीन जर्सी मिठाच्या पाण्यात ठेवा, रंग पक्का होतो") दोन ओळींत संपवतो. मीठ सुती कापड रंगवताना वापरतात, रंग धाग्यात जावा म्हणून. पॉलिएस्टरचा रंग कारखान्यात उष्णतेने आत घातलेला असतो, तुमच्या घरच्या मिठाला तो विचारत नाही. फ्रीजरचंही ("कपडे फ्रीजरमधे ठेवा, जंतू मरतात") तेच. थंडीत सगळे जंतू मरत नाहीत, बरेचसे नुसते झोपतात, प्रयोगशाळेत ते जपून ठेवायलाच उणे ८० डिग्रीत ठेवतात. आणि घरच्या फ्रीजमधे मटारशेजारी चड्डी ठेवून बघा, जंतूंच्या आधी तुमचं काय होतं ते.

"व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाका, दुर्गंधी गायब."

एकत्र टाकले की फसफसतं, ते बघायला भारी वाटतं. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात, उरतं खारट पाणी. वास फारच बसलाय तर नुसतं पांढरं व्हिनेगर भरपूर पाण्यात थोडं टाकून पंधरा मिनिटं भिजवा आणि मग नेहमीसारखं धुवा, इतपत ठीक आहे. मात्र इथे एक गोष्ट मस्करीची नाही: मेसेजमधे याच्याच खाली "पांढऱ्या जर्सीला थोडं ब्लीच" असंही लिहिलंय. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममधे हे करू नका, कुठेच करू नका. आणि ब्लीच एकटंसुद्धा लायक्राला खातं. स्विमिंग टँकवर जाणाऱ्यांना विचारा, क्लोरीनच्या पाण्याने त्यांचे कॉस्च्यूम कसे ढिले पडतात.

"आत सुती चड्डी घाला, म्हणजे पॅड खराब होत नाही आणि रोज धुवावं लागत नाही. पॅडला खोबरेल तेल चोळा."

हा सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात जास्त त्रास देणारा. नवीन येणारा प्रत्येक जण हे करतो, लाजेने म्हणा, सवयीने म्हणा. मीही केलंय, तेही २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांबच्या राईडला, ज्याला साडेतेरा तास मिळतात. पॅड बिनशिवणीचा, थेट कातडीला लागायला बनवलेला. तुम्ही मधे सुती चड्डी घातली की तिची शिवण नेमकी बसायच्या हाडाखाली येते, कापूस घाम पिऊन ओला राहतो, आणि त्या ओल्या शिवणीवर तुम्ही तासाला पाच हजार पायडल मारताय. १४० व्या किलोमीटरला मी उभा राहून चालवत होतो. दुसऱ्या दिवशी केसतोड. आठवडाभर ऑफिसात एका कुल्ल्यावर बसलो, आणि साहेबांना कारण काय सांगणार.

तेलाची गोष्ट कुठून आली तेही सांगतो. पूर्वी हा पॅड खऱ्या चामड्याचा असायचा, धुतला की वाळून पापडासारखा कडक व्हायचा, म्हणून त्याला क्रीम चोळून मऊ करावं लागायचं. आता चामडं गेलं, फोम आणि मायक्रोफायबर आलं, सवय मात्र फॉरवर्ड होत राहिली. कातडीला लावायचं असेल तर लांबच्या राईडला पाण्याने धुऊन निघणारी क्रीम लावा, खोबरेल पॅडमधून निघत नाही आणि काही दिवसांनी त्याचा जो खवट वास येतो तो तुम्ही सोडून सगळ्यांना येतो. आणि राईडवरून आल्यावर आधी चड्डी बदला, पोहे मग. आमच्याकडे उलटं चालतं, हॉटेलवर शेवभाजी होईपर्यंत दोन-दोन तास त्याच ओल्या चड्डीत.

मशीनचं मेसेजमधे "कधीच नको" लिहिलंय, तेही खरं नाही. जाळीच्या पिशवीत घालून, जर्सीची चेन बंद करून, थंड पाण्यावर, मशीनच्या हलक्या सेटिंगवर खुशाल लावा. फक्त जीन्ससोबत नको आणि ग्लोव्हजचा वेल्क्रो उघडा ठेवून तर नकोच, तो लायक्राला मांजरासारखं ओरबाडतो. इस्त्री नाही, गरम हवेचा ड्रायर नाही.

शेवटचा उपाय, "केळीचा चीक लिंबू-मिठाने निघतो". यावल-रावेरकडे जाणाऱ्यांनी हा मुद्दा आशेने वाचला असेल. मीही वाचला होता. बागेच्या कडेला फोटोला थांबलो, तोडलेल्या पानाला खांदा लागला, तेव्हा पाण्यासारखा पातळ चीक, म्हणलं काही नाही. ओला होता तेव्हाच बाटलीतलं पाणी मारलं असतं तर काहीतरी गेलं असतं. घरी येईपर्यंत तपकिरी, दुसऱ्या दिवशी काळपट. लिंबू, मीठ, भांड्याचा साबण सगळं झालं. आजीने जर्सी हातात घेऊन उलटीपालटी केली, "हाई काय शे रे भाऊ?" विचारलं, डाग बघितला आणि परत माझ्या हातात दिली. तिचा जन्म केळीत गेला, तिने घासायची तसदीसुद्धा घेतली नाही.